गणपतीपुळ्याला निघालोय: गाडीत सीट पाच, माणसं सहा, त्यात दहा महिन्यांचं बाळ

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली असा रस्ता. माणसं अशी: नवरा गाडी चालवणार, सासरे, सासूबाई, मी, सहा वर्षांची लेक आणि दहा महिन्यांचा मुलगा. गाडी साधी हॅचबॅक, पाच सीटची, २०२१ सालची.

मुलासाठी बेबी सीट घ्यायची हे माझं म्हणणं. ती लावली की मागे दोघांपुरती जागा उरते आणि बसणारे आम्ही तिघं. त्यामुळं रोज जेवताना घरात हाच विषय. सासूबाई म्हणतात, "मी घेते की मांडीवर. एवढ्याशा लेकराला खुर्चीला बांधून घालायचं म्हणजे काय!" सासऱ्यांचा बेत वेगळाच. नातू पुढं त्यांच्या मांडीवर, कारण त्याला रस्ता बघायला आवडतो. नवरोबांचं ठरलेलं वाक्य, "घाटात मी चाळीसच्या वर जाणारच नाही."

तर मला विचारायचं आहे की कायदा नक्की काय सांगतो, बेबी सीटचं तोंड पुढं ठेवायचं की मागं, लेकीला मोठ्यांचा बेल्ट चालतो का, आणि सहावं माणूस बसवायचं कुठं? शेवटच्या प्रश्नाला "डिकीत" असं उत्तर सुचलेल्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

बावड्याचा वकील

कायद्याचं आधी उरकून घेतो, कारण ते सोपं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, त्यात कलम १९४ ब आलं. बेल्ट न लावता गाडी चालवणं किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी नेणं, दंड एक हजार. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात मुलांचं आहे. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्टनं किंवा चाइल्ड सीटनं सुरक्षित केलेलं नसेल तर गाडी चालवणाऱ्याला आणि तसं चालवू देणाऱ्यालाही एक हजार. म्हणजे मांडीवर घेतलेलं बाळ कायद्याच्या नजरेत मोकळंच आहे.

मागच्या सीटवर बेल्ट लागत नाही हा समज तर त्याच्याही आधीपासून चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३८ (३) वाचा. ज्या गाडीत बेल्ट दिलेत त्या गाडीत चालक, पुढचा प्रवासी आणि मागच्या बाजूच्या, पुढं तोंड असलेल्या सीटवरचे प्रवासी, सगळ्यांनी लावायचे. पोलीस मागं वाकून बघत नाहीत हा भाग वेगळा.

तात्या गंगावेस

आवं ताई, कशाला एवढं डोक्याला लावून घेताय? आमच्या लहानपणी जोतिबाला वडापनं जायाचो. कमांडर जीप, आत पंधरा, मागं फळीवर चार लोंबकळत, आन् म्या ड्रायव्हरच्या डाव्या मांडीवर. गिअर टाकायचा म्हटलं की गुडघा उचलायचा. काय झालं? एक ओरखडा न्हाई. आता कुणाला बी विचारा, सगळं बेल्ट आन् फेल्ट.

उद्यमनगर

तात्या, ज्यांना ओरखडा आला नाही तेवढेच आठवणी सांगायला शिल्लक असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल बघा. देशभरात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १६,७१५ बेल्ट न लावलेली. आणि या बेल्ट न लावलेल्यांत ८,३३१ जण चालक नव्हते, प्रवासी होते. निम्मे म्हणा की.

आणि ही सगळी गरिबाघरची माणसं नव्हती. गोपीनाथराव मुंडे गेले ३ जून २०१४ ला, दिल्लीत, शहरातल्या रस्त्यावर, मागच्या सीटवर बसलेले. सायरस मिस्त्री गेले ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर, तेही मागच्याच सीटवर, बेल्ट नाही. गाडी कुठली होती ते आख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे.

तात्या गंगावेस

मुंडेसायबांचं खरं हाय. त्ये मानलं.

निवृत्त मास्तर

रंकाळाकाठ, तुमच्या यजमानांच्या "चाळीस"वर थोडं गणित करतो. अकरावीला शिकवायचो तेच आहे.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. एवढा वेग वस्तू सव्वासहा मीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून खाली पडली की येतो. तेव्हा "फक्त चाळीस" म्हणताना वीस फूट उंचीच्या गच्चीच्या कठड्यावर उभं राहून म्हणावं.

आता गाडी कशावर तरी आपटली. बेल्ट लावलेलं शरीर साधारण एक दशांश सेकंदात थांबतं असं धरू. दहा महिन्यांचं बाळ नऊ किलोचं. त्या क्षणी त्याला धरून ठेवायला लागणारा जोर होतो शंभर किलोच्या आसपास. साखरेची दोन पोती. सासूबाईंचा जीव नातवावर कितीही असो, दोन पोती त्यांच्या हातात अचानक कुणी फेकली तर त्या धरू शकतील का एवढाच प्रश्न आहे. त्या स्वतः बेल्टमध्ये असोत की नसोत, हात सुटणारच. नसतील तर आणखी वाईट, कारण मग बाळ पुढच्या सीटच्या आणि आजीच्या मध्ये चिरडतं.

शिवाय चाळीसचा वेग तुमच्या गाडीचा. समोरून साखरप्याकडून चढणाऱ्या ट्रकचा वेग तुमचे यजमान ठरवत नाहीत.

एक दुरुस्ती मीच सुचवतो, नाहीतर कुणीतरी काढेल: वरचा जोर सरासरी आहे. प्रत्यक्षात मधला झटका याहून मोठा असतो.

ताराबाई पार्क

सासऱ्यांच्या मांडीवर पुढं, हे तर अजिबातच नको! पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते. २०२१ ची गाडी म्हणजे बहुतेक असणार, त्याच वर्षी पुढच्या प्रवाशासाठी ती सक्तीची झाली. एअरबॅग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढच्या वेगानं बाहेर येते, ती मोठ्या माणसाची छाती बेल्टनं मागं धरलेली असेल असं गृहीत धरून. मध्ये बाळ असेल तर ते एअरबॅग आणि आजोबा यांच्या बेचक्यात. सन व्हायजरवर बाळाच्या सीटवर काट मारलेलं चित्र आहे ना, ते त्यासाठीच असतं. मागं तोंड केलेली बेबी सीट पुढं लावायची वेळ आलीच तर एअरबॅग बंद करायची सोय गाडीत असलीच पाहिजे. नसेल तर विषय संपला.

बालडॉक्टर

मास्तरांनी जोर सांगितला, मी शरीर सांगते.

नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या एक चतुर्थांश असतं, तुमचं-माझं साधारण एक अष्टमांश. एवढं जड डोकं ज्या मानेवर असतं त्या मानेच्या मणक्यांचे तुकडे अजून कूर्चेनं जोडलेले असतात, अस्थिबंध सैल असतात. समोरून धडक बसली की पुढं-तोंड सीटमध्ये धड पट्ट्यांनी धरलं जातं आणि डोकं पुढं जातं. सगळा ताण मानेवर. तेच तोंड मागं असेल तर डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर सगळीकडं वाटला जातो. म्हणून दहा महिन्यांच्या बाळाचं तोंड मागंच. युरोपच्या नव्या नियमात, आर १२९ मध्ये, पंधरा महिन्यांपर्यंत ते सक्तीचं आहे, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर त्याहून पुढंही ठेवावं. पाय दुमडले जातात म्हणून काळजी नको. बाळं पाय दुमडून मजेत बसतात.

आता लेक. सहा वर्षांची म्हणजे एकशे पंधरा सेंटिमीटरच्या आसपास असेल. कायद्यानं तिला नुसता बेल्ट लावला तरी चालतं, पण तो बेल्ट तिच्या मापाचा नाही. बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर बसायला हवा. लहान मुलांमध्ये त्या हाडाची पुढची कड अजून पुरेशी उठलेली नसते, म्हणून पट्टा घसरून पोटावर जातो. धडक बसली की आतडी आणि कमरेचा मणका. वरचा पट्टा गळ्याला काचतो, म्हणून मुलं तो काखेखाली घेतात, आणि मग बरगड्या. बूस्टर सीट काय करते, तर मुलाला उचलून बेल्टच्या मापात आणते, एवढंच. उंची निदान १३५ होईपर्यंत, जमलं तर १५० पर्यंत बूस्टर. पाठ असलेलाच घ्या, झोपल्यावर डोकं कडेला कलंडत नाही.

बूस्टरची गरज संपली का हे ओळखायला: पाठ सीटला पूर्ण टेकलीय, गुडघे सीटच्या कडेला वाकताहेत, खालचा पट्टा मांडीच्या वरच्या टोकाशी, वरचा खांद्याच्या मधोमध, आणि अख्खा प्रवास ती तशीच बसू शकते. एक जरी जमत नसेल तरी अजून वेळ आहे.

एकाच बेल्टमध्ये आई आणि मूल, असं कुणी करत असेल तर लगेच थांबवा. आईचं वजन मुलावर येतं.

रंकाळाकाठ

डॉक्टर, मास्तर, खूप आभार. दोन पोत्यांचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. सासरे गप्प झाले. सासूबाईंचं पुढचं कलम तयार होतं: मागं तोंड करून बसवलं तर घाटात ओकारी येईल, आणि रडून रडून जीव अर्धा करून घेईल. यावर काय सांगू?

परतलेली

आम्ही काही वर्षं जर्मनीत होतो. तिथं बेबी सीट नसेल तर बाळाला दवाखान्यातून गाडीनं घरी नेता येत नाही, त्यामुळं सवय पहिल्या दिवसापासून. इथं आल्यावर नात्यातल्या सगळ्यांनी हेच प्रश्न विचारले.

रडण्याचं: सीट आधी घरात आणून ठेवा. हॉलमध्ये. त्यात बसवून भात भरवा, खेळणं द्या, बाळाला ती ओळखीची होऊ दे. मग गाडीत लावून रंकाळ्याला एक चक्कर, दुसऱ्या दिवशी कसबा बावड्यापर्यंत. पहिलाच प्रवास थेट आंबा घाटाचा केला तर कुठलंही मूल रडेल, त्यात सीटचा काय दोष? आणि आजीला त्याच्या शेजारी बसवा. तोंड मागं असलं तरी बाजूला बसलेल्या माणसाचा चेहरा बाळाला नीट दिसतो, आईपेक्षा आजीचीच चंगळ. सासूबाईंना हे असं सांगून बघा.

ओकारीचं: घाटाच्या आधी पोटभर दूध नको. मलकापुरात थांबा, वर आंब्याला थांबा. तसंही दोन तासांपेक्षा जास्त सलग बाळाला सीटमध्ये ठेवूच नये. आणि थांबल्यावर बाहेर काढा. रडतंय म्हणून चालत्या गाडीत "पाच मिनिटं घेते" म्हणत काढायचं नाही. नेमकं त्याच पाच मिनिटांत वळणावर एसटी येते.

शाहूपुरी एक्सप्रेस

विषय निघालाच आहे तर: सनरूफमधून पोरं बाहेर काढून हायवेला जाणाऱ्या महाभागांचं काय करायचं? परवा तावडे हॉटेलच्या चौकात बघितलं, दोन पोरं कमरेपर्यंत बाहेर, वडील खालून व्हिडिओ काढताहेत. गाडी पाच स्टारवाली. अहो, भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आपटून बघायच्या चाचणीत, मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे देतात, आणि ते दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बांधून देतात. सनरूफमध्ये उभे करून नाही.

तात्या गंगावेस

नाद खुळा 😂

उद्यमनगर

आता सीट बसवण्याबद्दल, कारण दुकानदार खोकं हातात देतो आणि मोकळा होतो.

आधी तुमच्या गाडीची मागची सीट तपासा. पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटं घाला. सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी कड्या लागतील, एकमेकींपासून अठ्ठावीस सेंटिमीटरवर. त्या आयसोफिक्सच्या, म्हणजे बेबी सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायच्या. बेबी सीटचे दोन पंजे तिथं टक् टक् आवाज करून बसतात आणि बहुतेक सीटवर हिरवी खूण दिसते. पण तेवढ्यावर थांबू नका. दोनच टेकूंवर सीट पुढं मान टाकते, म्हणून तिसरा लागतो: एकतर सीटच्या पाठीमागून जाणारा टॉप टेदरचा पट्टा किंवा पुढं जमिनीला टेकणारा पाय. पाय असेल तर त्याच्याखाली पोकळ कप्पा नाही ना ते बघा.

कड्या सापडल्या नाहीत तर घाबरू नका, पण एक शक्यता आहे. आपल्याकडं गाडी शोरूममधून निघाली की पहिला मुक्काम सीट कव्हरवाल्याकडं. जाड रेक्झिन, स्पंज, वर शिवलेली नक्षी. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी गाड्यांत मागच्या बेल्टची बकलंच कव्हरखाली गाडलेली असतात. मालकाला विचारलं तर म्हणतो, "टोचत होती म्हणून आत ढकलायला सांगितली." बेल्ट वर लोंबतोय आणि तो अडकवायला जागाच नाही! फटीची शिलाई उसवून घ्या आणि बकल वर काढा. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसेही कुणी मागणार नाही.

आयसोफिक्स नसेल तर बेल्टनं बसवायची सीटही तितकीच चांगली, फक्त नीट बसवली पाहिजे. गुडघा सीटमध्ये रोवून वजन टाका, बेल्ट ओढून घ्या, मग जिथून बेल्ट जातो तिथं धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर परत. बाळाच्या अंगावरचे पट्टे एवढे घट्ट की खांद्यावर चिमटीत पकडायला गेलं तर पट्टा चिमटीत यायला नको. मागं-तोंड सीटमध्ये पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत. पुढं-तोंड केली की उलट, खांद्याच्या वरून.

घेताना नारिंगी रंगाचं लेबल शोधा, त्यावर गोलात इंग्रजी ई असतो आणि आर ४४/०४ (जुना युरोपी नियम) किंवा आर १२९ लिहिलेलं असतं. आपला मानक क्रमांक एआयएस ०७२. ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणारी कापडी उशीवजा "कार सीट" असते, जिला गाडीला धरून ठेवायला काहीच नीट नसतं, ती घेऊ नका. जुनी सीट ओळखीच्यांकडून घेतली तर हरकत नाही, पण अपघातातली नको आणि प्लास्टिकवर छापलेलं वर्ष बघून घ्या.

आणि हो, बेल्टची पिपाणी बंद करायला मिळणारी बकलची जीभ! त्याच्यावर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना आदेश काढून ती विकायची बंद करायला लावली. आपल्याकडं अजून कुणाच्या तरी डॅशबोर्डच्या खणात सापडतेच.

ऊसकरी

मी शिरोळ तालुक्यातला, ऊस वाहतुकीचा धंदा आहे घरचा. तुम्ही दिवाळीत निघताय म्हणून सांगतो, तोवर कारखान्यांची धुराडी पेटायला लागतात. बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असणार. आमच्यातलेच काहीजण मागं रिफ्लेक्टर लावत नाहीत, उसाच्या वाढ्यांनी असलेला दिवा पण झाकतो. वळण संपलं आणि समोर काळी भिंत. करकचून ब्रेक मारावाच लागतो, अपघात झाला नाही तरी. त्या नुसत्या ब्रेकलाच मांडीवरची पोरं डॅशबोर्डवर आपटलेली बघितलीत. शक्यतो उजेडात निघा, उजेडात पोचा.

आणि मागच्या काचेखालच्या फळीवर जोतिबाचे नारळ, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली असलं काही ठेवू नका. ब्रेक लागला की ते बरोबर डोक्याच्या उंचीनं पुढं येतं.

निवृत्त मास्तर

नारळाचं बरोबर. तोच न्याय बेल्ट न लावलेल्या माणसालाही. मागं बसलेलं साठ किलोचं माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतं, आणि त्या सीटवर कोण असतं? रंकाळाकाठ, सासूबाईंना नातवापेक्षा मुलाचं सांगून बघा. त्यांनी बेल्ट लावला नाही तर त्यांचं सगळं वजन गाडी चालवणाऱ्या त्यांच्या लेकाच्या पाठीत जाणार.

फुलेवाडी रिंगरोड

थोडं अवांतर. मोपेडवर पुढं उभं राहणाऱ्या मुलांना पण काही नियम आहे का? आमच्या गल्लीत सकाळी सगळे असेच शाळेत जातात.

बावड्याचा वकील

आहे. फेब्रुवारी २०२२ ला अधिसूचना निघाली, वर्षभरानं लागू झाली. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडलेला हार्नेस, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि मूल मागं असताना वेग चाळीसच्या आत. चार वर्षांवरच्यांना हेल्मेटचा साधा नियम आहेच. पुढं उभं करणं कुठल्याच नियमात बसत नाही. यावर वेगळा धागा काढा, इथं मोपेड घुसली तर सहावं माणूस तसंच राहील.

ताराबाई पार्क

सहाव्या माणसाचं उत्तर सगळे टाळताहेत! पाच सीटच्या गाडीत पाच बेल्ट, म्हणजे पाच माणसं, बाळ धरून. त्यातही जुन्या हॅचबॅकमध्ये मागं मधल्या सीटला बऱ्याचदा नुसता कमरेचा पट्टा असतो. बूस्टर त्या पट्ट्यावर चालत नाही, त्याला खांद्याचा पट्टा लागतोच. म्हणजे मागच्या दोन्ही कडा मुलांच्या, मध्ये कुणीतरी एक बारीक माणूस, पुढं एक. सहावा बसतच नाही. एकतर सात सीटर भाड्यानं घ्या, नाहीतर एकजण एसटीनं.

सात सीटर घेणार असाल तर ठरवताना दोन गोष्टी विचारून घ्या: मधल्या रांगेत आयसोफिक्स आहे का, आणि मागचे सगळे बेल्ट चालू आहेत का. गाडीवाला "सगळं ओके ताई" म्हणेल. आदल्या दिवशी गाडी दारात बोलवून स्वतः ओढून बघा. झटका दिला की बेल्ट अडकला पाहिजे.

शाहूपुरी एक्सप्रेस

भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर चाइल्ड सीट बघून तोंड वाकडं करतो हा अनुभव आहे. सीट कव्हर खराब होतं म्हणे. खाली जुना टॉवेल टाकू का विचारलं तर खुलला.

उद्यमनगर

पातळ टॉवेल, आणि तोही सीट बनवणाऱ्याच्या पुस्तकात चालतो म्हटलं असेल तरच. जाड काही घातलं की दाबलं जाऊन बेल्ट ढिला पडतो.

रंकाळाकाठ

मंडळी, ठरलं एकदाचं. मुलाची सीट घेतली, मागं तोंड करून लावायची, नारिंगी लेबल बघून. तीन दिवस झाले हॉलमध्ये आहे. पहिल्या दिवशी लेकीनंच तिच्यात स्वतःला कोंबून घेतलं, आता बाळ त्यात बसून नाचणीची खीर खातं. लेकीसाठी पाठवाला बूस्टर माझ्या बहिणीकडून आणतेय, तिच्या मुलाची उंची दीडशे झालीय.

आमच्या गाडीची फट कव्हरवाल्यानं खरंच शिवून टाकली होती. नवऱ्यानं ब्लेडनं उसवली, कड्या सापडल्या, दोन्ही कडांना. मधला बेल्ट नुसता कमरेचाच निघाला.

मास्तरांचं मुलाच्या पाठीचं वाक्य लागू पडलं. सासूबाईंनी दुपारी एकट्यानं गाडीत बसून बेल्ट लावून-काढून बघितला, लाल बटण कुठं आहे ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, "साडीचा पदर अडकतो तेवढं बघायला पायजे." सात सीटर बघतोय. नाही मिळाली तर सासरे म्हणाले मी एसटीनं पुढं जातो, गणपतीपुळ्यातच भेटू. त्यांना एसटीची खिडकी मिळाली की बाकी काही नको असतं.

एकच शंका राहिली. सात सीटर मिळाली तर मधल्या रांगेत दोन्ही कडांना मुलांच्या सीट आणि मध्ये सासूबाई. मग मी तिसऱ्या रांगेत. बाळाला काही लागलं तर मी पोचणार कशी?

परतलेली

पोचू नका, गाडी थांबवा. पण तुम्ही मध्ये बसा आणि सासूबाईंना पुढं बसवा, सासरे तिसऱ्या रांगेत. बऱ्याच सात सीटर गाड्यांत मधल्या रांगेच्या मध्ये तीन बिंदूंचा, म्हणजे खांद्याचा पट्टा असलेला, बेल्ट असतो, तो आहे का तेवढं बघून घ्या. तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट पुढं पाडावी लागते आणि बेबी सीट लावलेली बाजू पाडता येत नाही. म्हणून बाळाची सीट ड्रायव्हरच्या मागं लावा आणि सासरे बूस्टरच्या बाजूनं चढू देत, बूस्टर उचलून बाजूला ठेवता येतो.

बालडॉक्टर

आणि रिकामा बूस्टरसुद्धा बेल्टमध्ये अडकवून ठेवायचा, मोकळा नाही. पदराचं: पदर खोचून घ्यायचा, खालचा पट्टा निऱ्यांच्या वरून पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. वरचा पट्टा खांद्यावरूनच, काखेखालून नाही. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय.

तात्या गंगावेस

ताई, सात सीटर पायजे असंल तर आमच्या भाच्याची हाय. बेल्ट सगळं चालू हायत का त्ये त्येला आत्ताच फोन करून इचारतो.